एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंडने यकृताच्या रक्ताभिसरणाचा अभ्यास: कोणता आकडा धरावा, कोणता सोडावा

निरोगी प्रौढ माणसाच्या यकृतातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहते, म्हणजे हृदयाने बाहेर टाकलेल्या एकूण रक्ताचा सुमारे चौथा हिस्सा. हे रक्त दोन वाटांनी आत येते. जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंड यांच्याकडून पोर्टल नीलेतून येते आणि उरलेले यकृत धमनीतून येते. बाहेर पडताना मात्र ते सारे यकृत नीलांमधून अधोमहानीलेत एकत्र होते. पोर्टल प्रवाह कमी झाला की यकृत धमनी रुंदावते आणि ती तूट काही प्रमाणात भरून काढते. १९८१ मध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ वेन लॉट यांनी या प्रतिसादाचे वर्णन केले असून त्यामागे अ‍ॅडेनोसिन या द्रव्याचा हात असल्याचे मानले जाते. अभ्यास करणाऱ्याने ही गोष्ट पहिल्यापासून ध्यानात ठेवावी, कारण या तीन वाहिन्यांपैकी एकीचाच आकडा घेऊन यकृताबद्दल मत बनवणे म्हणजे जमाखर्चाच्या वहीचे एकच पान वाचण्यासारखे आहे.

एंडोस्कोपिक अल्ट्रासाऊंड, म्हणजे तोंडावाटे आत नेलेल्या दुर्बिणीच्या टोकावरून केलेली सोनोग्राफी, आपल्या विभागांत जिला सरसकट ईयूएस म्हणतात ते तंत्र, या तिन्ही वाहिन्यांच्या अगदी जवळ पोचते. पोटावरून केलेल्या डॉप्लर, म्हणजे रक्ताचा वेग आणि दिशा दाखवणाऱ्या, सोनोग्राफीत मेद, आतड्यातील वायू आणि बरगड्या आड येतात. ईयूएसमध्ये प्रोब जठराच्या किंवा ड्युओडिनमच्या (लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या) भिंतीला टेकलेला असतो आणि काही सेंटिमीटरवर वाहिनी दिसते. तरीही केवळ पोर्टल नीला पाहण्यासाठी कोणाला गुंगी देऊन ईयूएस करावे, असे मी म्हणणार नाही. पोटावरची डॉप्लर तपासणी आधी व्हावी. तिच्यात चित्र अपुरे राहिले, दाबाचे प्रत्यक्ष मापन हवे असले किंवा अन्य कारणासाठी रुग्ण ईयूएसच्या टेबलावर आलाच असला, तर पुढची पद्धत उपयोगी पडते. हा लेख ईयूएसचे प्राथमिक प्रशिक्षण झालेल्या डॉक्टरांसाठी आणि त्यांच्यासोबत यंत्र सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांसाठी आहे.

तपासणीच्या आधी

प्रथम प्रश्न कागदावर लिहावा. पोर्टल नीलेत गुठळी आहे का, प्रवाह उलटा झाला आहे का, पोर्टल दाब किती वाढला आहे, यकृत नीला मोकळ्या आहेत का, या प्रत्येक प्रश्नासाठी जागा वेगळी, यंत्राची मांडणी वेगळी आणि कधी कधी रुग्णाची स्थितीही वेगळी असते. सगळेच पाहू असे म्हणून आत शिरले की चित्रे भरपूर मिळतात आणि उत्तर मिळत नाही.

रुग्ण किमान ६ तास उपाशी असावा. हा नियम केवळ गुंगीच्या सुरक्षिततेपुरता नाही. जेवणानंतर आतड्यांचा रक्तपुरवठा वाढतो, त्याबरोबर पोर्टल प्रवाह वाढतो आणि यकृत धमनीतील अडथळा बदलतो. म्हणून उपाशीपोटी घेतलेला आकडा आणि पेज घेतल्यानंतरचा आकडा यांची तुलना करता येत नाही. प्रोप्रॅनोलॉल, कार्व्हेडिलॉल यांसारखी पोर्टल दाब कमी करणारी औषधे चालू असतील, तर शेवटची मात्रा केव्हा घेतली ते लिहून ठेवावे. आतड्याची हालचाल थांबवण्यासाठी हायोसिन देण्याची सवय अनेकांना असते. त्याने हृदयाचे ठोके वाढतात, म्हणून मापन हेच उद्दिष्ट असेल तर ते शक्यतो टाळावे. गाढ गुंगीमुळेही दाबाचे आकडे बदलतात. गुंगी हलकी आणि संपूर्ण मापनभर एकसारखी ठेवावी, आणि कोणते औषध किती दिले याची नोंद अहवालात असावी.

सुई घालायची असेल तर रक्त गोठण्याच्या तपासण्या लागतात. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा निर्देशांक) १.५ च्या वर किंवा प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील, तर बहुतेक ठिकाणी सुईचे मापन पुढे ढकलतात. यकृताभोवती लक्षणीय जलोदर (पोटात साचलेले पाणी) असेल तर आधी तो काढावा.

यंत्राची मांडणी

या कामाला लांबट चित्र देणारा, म्हणजे कर्व्हिलिनियर एकोएंडोस्कोप घ्यावा. गोल चित्र देणाऱ्या रेडियल स्कोपने शरीररचना सुरेख कळते, पण वाहिनी तिच्या लांबीत धरून डॉप्लर लावणे आणि सुई दिसत ठेवणे कर्व्हिलिनियरमध्येच जमते. वारंवारिता ५ ते ७.५ मेगाहर्ट्झच्या दरम्यान ठेवली तर यकृतातील खोली मिळते. १० मेगाहर्ट्झला जवळचे चित्र देखणे येते, पण खोलवरचा प्रवाह हरवतो.

पोर्टल नीलेसाठी वेगाची पट्टी साधारण २० सेंटिमीटर प्रतिसेकंदाच्या आसपास आणि वॉल फिल्टर (मंद हालचालींचे संकेत गाळून टाकणारी मांडणी) शक्य तितका खाली ठेवावा. हे न केल्यामुळे मंद प्रवाह असलेली मोकळी नीला बंद असल्यासारखी दिसते, आणि सिरोसिसच्या (यकृतात व्रणऊती साचून ते ताठर होण्याच्या विकाराच्या) रुग्णात पोर्टल नीलेत गुठळी असल्याचे चुकीचे निदान होण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. रंगाचा गेन (संकेत वाढवण्याची मात्रा) आधी वाढवून चित्रात ठिपके येऊ द्यावेत आणि मग ठिपके नाहीसे होईपर्यंत कमी करावा. धमनीकडे वळताना पट्टी बरीच वर न्यावी लागते.

पडद्याची कोणती बाजू डोक्याकडची, हे प्रत्येक विभागात सारखे नसते, आणि लाल-निळ्याची अदलाबदल करणारी कळ कोणी कधी दाबून ठेवली असेल सांगता येत नाही. म्हणून प्रवाहाची दिशा केवळ रंगावरून ठरवू नये. पोर्टल नीलेच्या शेजारी यकृत धमनीची फांदी शोधावी. धमनीतील रक्त यकृताकडेच जाणार; नीलेचा रंग तिच्याशी जुळला तर प्रवाह योग्य दिशेने आहे, आणि तिच्या उलट असला तर पोर्टल प्रवाह उलटला असण्याची शक्यता धरावी. ही युक्ती साधी आहे, पण तिने मला अनेकदा वाचवले आहे.

वाहिन्या कोठून पाहाव्यात

स्कोप अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यापाशी, दातांपासून सुमारे ४० सेंटिमीटरवर थांबवावा आणि महाधमनी शोधावी. तेथून स्कोप हळूहळू वळवला की यकृताचा डावा भाग येतो, अधोमहानीला दिसते आणि तिच्यात मिळणाऱ्या यकृत नीला उघड होतात. यकृत नीलांच्या भिंती पातळ असतात, पोर्टल फांद्यांच्या भिंती जाड आणि चकाकणाऱ्या दिसतात. गोंधळ झाल्यास वाहिनी अधोमहानीलेपर्यंत मागे नेऊन पाहावी. याच ठिकाणाहून स्कोप किंचित पुढे सरकवला की पोर्टल नीलेच्या डाव्या फांदीचा नाळेकडे जाणारा भाग सापडतो, आणि पुढे दाबमापनासाठी हाच भाग लागणार आहे.

जठराच्या मध्यभागातून स्वादुपिंडाच्या मानेमागे प्लीहा नीला आणि वरची आंत्रबंध नीला यांचा संगम दिसतो. पोर्टल नीला येथेच सुरू होते. ड्युओडिनमच्या पहिल्या भागातून मुख्य पोर्टल नीला, पित्तनलिका आणि यकृत धमनी एकमेकींशेजारी दिसतात; पित्तनलिकेत रंग भरत नाही, त्यामुळे डॉप्लर लावताच तिघींची ओळख पटते. यकृताचा उजवा, मागचा भाग मात्र ईयूएसच्या आवाक्यात पुरता येत नाही. अहवालात हे लिहिण्यात कमीपणा नाही.

वेग आणि प्रवाह मोजताना

चूक होण्याची शक्यता येथे सर्वाधिक असल्यामुळे या टप्प्यावर थोडे रेंगाळू.

डॉप्लर यंत्र प्रत्यक्ष वेग मोजत नाही. परतलेल्या ध्वनीची वारंवारिता किती बदलली ते मोजून, ध्वनिशलाका आणि प्रवाह यांच्यातील कोनाच्या कोसाइनने भागून ते वेग काढते. हा कोन आपण पडद्यावर रेषा फिरवून सांगतो. खरा कोन ६० अंश असताना आपण ६५ अंश सांगितला, तर वेग सुमारे १८ टक्क्यांनी जास्त येतो; तीच ५ अंशांची चूक २० अंशांच्या कोनावर केली तर फरक ४ टक्क्यांच्या आतच राहतो. म्हणून ६० अंशांच्या पुढे मापन घेऊच नये आणि स्कोपचे टोक वर-खाली वाकवून कोन शक्य तितका कमी करावा. सुरुवातीच्या दिवसांत एकदा मी कोनाची रेषा शून्यावर तशीच राहू दिली होती आणि मंद प्रवाहाचा अहवाल लिहायला बसलो होतो. सोबतच्या तंत्रज्ञाने लक्षात आणून दिले नसते तर तो तसाच गेला असता.

कोन जमला की प्रोबचा दाब तपासावा. नीला मऊ असते; टोक भिंतीवर जोरात टेकले किंवा स्कोपच्या टोकावरचा फुगा जास्त फुगवला की ती चपटी होते, व्यास कमी दिसतो आणि त्या जागी वेग वाढतो. जठरातील वायू शोषून घ्यावा. मग श्वासाकडे पाहावे. गुंगीतील रुग्ण सांगितल्यावर श्वास धरू शकत नाही, म्हणून श्वास सोडून झाल्यानंतरच्या क्षणिक विश्रांतीत मापन घ्यावे. रुग्ण कृत्रिम श्वासयंत्रावर असेल तर भूलतज्ज्ञांना काही सेकंद थांबण्याची विनंती करता येते. तीन वेळा मोजावे आणि सरासरी घ्यावी.

नमुन्याची खिडकी किती मोठी ठेवायची, हे आपण काय मोजतो त्यावर ठरते. कमाल वेग हवा असेल तर नीलेच्या मध्यभागी लहान खिडकी पुरते. सरासरी वेग हवा असेल तर नीलेची पूर्ण रुंदी खिडकीत यायला हवी, कारण भिंतीजवळचे रक्त हळू चालते आणि मधले वेगाने. आदर्श नळीतील संथ प्रवाहात सरासरी वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो. अहवालात नुसता वेग न लिहिता तो कमाल की सरासरी हे नमूद करावे. उपाशीपोटी पोर्टल नीलेतील कमाल वेग सर्वसाधारणपणे १६ ते ४० सेंटिमीटर प्रतिसेकंद असतो आणि शांत श्वासात तिचा व्यास १३ मिलिमीटरपर्यंत असतो. वेग १६ च्या खाली आणि व्यास १३ च्या वर, असे दोन्ही एकत्र दिसले तर पोर्टल दाब वाढल्याची शंका बळावते. त्यातला एकच बदल दिसला तर घाईने मत देऊ नये.

प्रवाहाचे गणित असे: व्यास ११ मिलिमीटर असेल तर छेदाचे क्षेत्रफळ ०.९५ चौरस सेंटिमीटर होते, सरासरी वेग १५ सेंटिमीटर प्रतिसेकंद धरला तर प्रवाह मिनिटाला सुमारे ८५५ मिलिलीटर येतो. आकडा भारदस्त वाटतो, पण व्यास ११ ऐवजी १० मिलिमीटर मोजला असता तर तोच प्रवाह सुमारे ७०७ झाला असता. कॅलिपर एक मिलिमीटर सरकल्याने दीडशे मिलिलीटर नाहीसे होतात, आणि त्यात कोनाची चूक मिसळली की काय उरते ते वाचकाने ठरवावे. त्यामुळे प्रवाहाचा एकटा आकडा मी कोणत्याही निर्णयाचा आधार करत नाही. त्याच रुग्णात, त्याच माणसाने, त्याच जागी, औषधाच्या आधी आणि नंतर मोजला तर मात्र त्याला अर्थ असतो.

याउलट काही मोजमापांत चूक आपोआप कटते, आणि भर त्यांच्यावर द्यावा. यकृत धमनीचा अडथळा निर्देशांक हे त्याचे चांगले उदाहरण. हृदयाच्या आकुंचनातील कमाल वेगातून प्रसरणाच्या शेवटचा वेग वजा करायचा आणि कमाल वेगाने भागायचे. वेग ८० आणि २६ असतील तर निर्देशांक ०.६८ येतो. कोन चुकला तरी अंश आणि छेद दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकतात, म्हणून गुणोत्तर तेच राहते. सामान्य मर्यादा ०.५५ ते ०.७० आहे. यकृत नीलेच्या आलेखाचेही तसेच आहे, कारण तेथे आकड्यापेक्षा आकार बोलतो. निरोगी माणसात उजव्या कर्णिकेच्या ठोक्यांनुसार आलेख वरखाली होतो आणि थोडा काळ उलटा प्रवाहही दिसतो. यकृत ताठर होत गेले की हा खेळ मंदावतो आणि शेवटी आलेख सपाट होतो. बड-कियारी विकारात यकृत नीलांतच अडथळा असतो, तेथे प्रवाह दिसत नाही, उलटा दिसतो किंवा सपाट होतो. मात्र खोल श्वासानेही आलेख सपाट होऊ शकतो, म्हणून येथेही श्वास पाहूनच बोलावे.

एक फसवी जागा सांगायलाच हवी. पोर्टल नीलेच्या डाव्या फांदीतील प्रवाह जोरकस आणि यकृताकडे जाणारा दिसला की आपण निश्चिंत होतो. पण नाळेजवळची जुनी शीर पुन्हा उघडली असेल, तर ते रक्त डाव्या फांदीतून सरळ पोटाच्या भिंतीकडे निघून जात असते आणि यकृताच्या पेशींना त्याचा उपयोग होत नाही. डावी फांदी तिच्या टोकापर्यंत पाहून ती शीर उघडी नाही याची खात्री करावी.

दाबाचे प्रत्यक्ष मापन

पोर्टल दाब मोजण्याची प्रस्थापित पद्धत मानेच्या शिरेतून कॅथेटर घालून यकृत नीलेतील मोकळा दाब आणि अडवलेला दाब यांतील फरक घेण्याची आहे. त्यात पोर्टल नीलेला स्पर्शच होत नाही. अडवलेल्या दाबावरून तिच्या दाबाचा अंदाज बांधला जातो. ईयूएसमध्ये सुई थेट पोर्टल नीलेत जाते, आणि क्ष-किरण किंवा आयोडीनयुक्त द्रव्य लागत नाही. २०१७ मध्ये केनेथ चँग यांच्या कॅलिफोर्नियातील गटाने २८ रुग्णांत २५ गेजची सुई आणि छोटा मॅनोमीटर (दाबमापक) वापरून हे करून दाखवले.

रुग्णाला उताणे झोपवावे आणि मॅनोमीटर काखेच्या मध्यरेषेच्या उंचीवर धरावा. नळी न ताणणारी असावी, हेपरिन मिसळलेल्या सलाइनने ती पूर्ण भरावी आणि हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नये, कारण बुडबुडा दाब गिळतो. हेपरिन चालत नसलेल्या रुग्णात साधे सलाइन वापरावे. पहिली सुई मधल्या यकृत नीलेत घालावी. वाटेत डॉप्लरने धमनी नसल्याची खात्री करावी, आणि सुई यकृताच्या उतींतून जाईल अशीच वाट निवडावी, कारण सुई काढल्यावर त्या उतीच छिद्र दाबून धरतात. सुई आत गेल्यावर साधारण १ मिलिलीटर सलाइन सोडावे. दाब आधी चढतो, मग उतरतो आणि स्थिरावतो. स्थिरावलेला आकडा लिहावा, तीनदा घ्यावा. सुई हळूहळू मागे घेताना तिच्या वाटेवर डॉप्लर चालू ठेवावा आणि वाटेत रंग दिसत असेल तर तो थांबेपर्यंत सुईचे टोक यकृतातच राहू द्यावे. मग हीच कृती पोर्टल नीलेच्या डाव्या फांदीत करावी. दोन्ही सरासरींची वजाबाकी म्हणजे पोर्टल दाबाची तफावत. वाचन घेताच दाब एकदम उंच आणि ठोक्यागणिक हलणारा दिसला, तर सुई धमनीत आहे असे समजून माघार घ्यावी.

चूक कटण्याचा जो गुण धमनीच्या निर्देशांकात होता, तो येथेही आहे. मॅनोमीटर १० सेंटिमीटर खाली धरला तर प्रत्येक वाचन सुमारे ७ मिमी पाऱ्याने जास्त येते, पण दोन्हींत तेवढीच चूक असल्याने वजाबाकीत ती निघून जाते. अट एवढीच, की दोन वाचनांच्या मध्ये टेबल कोणी वर-खाली करू नये, मॅनोमीटर हातातून हातात जाऊ नये आणि गुंगीची मात्रा बदलू नये.

तफावत ५ मिमी पाऱ्यापर्यंत असणे सामान्य आहे. १० किंवा अधिक असेल तर जलोदर आणि अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा यांचा धोका लक्षणीय होतो, आणि १२ च्या पुढे त्या शिरांतून रक्तस्राव होण्याची भीती असते. हे उंबरठे मूळचे मानेतून घेतलेल्या मापनाचे आहेत. दारू किंवा हेपॅटायटिस सी यांमुळे झालेल्या सिरोसिसमध्ये दोन्ही मापने बरीच जुळतात, म्हणून ते येथे वापरता येतात.

भारतात मात्र एक वेगळा प्रश्न वारंवार समोर येतो. सिरोसिस नसताना पोर्टल दाब वाढण्याची दोन कारणे आपल्याकडे महत्त्वाची आहेत: यकृताच्या आतल्या बारीक पोर्टल फांद्यांचा विकार, ज्याला आपल्याकडे एनसीपीएफ (नॉन-सिऱ्होटिक पोर्टल फायब्रोसिस) म्हणतात, आणि विशेषतः मुलांत दिसणारा, यकृताबाहेर पोर्टल नीला बंद होण्याचा विकार. एनसीपीएफमध्ये अडथळा केशिकांच्या आधी असतो, म्हणून मानेतून घेतलेले मापन जवळजवळ सामान्य येते आणि प्लीहा वाढलेली, शिरा फुगलेल्या अशा रुग्णाशी ते जुळत नाही. येथे पोर्टल फांदीत थेट गेलेली सुई खरा दाब दाखवू शकते. दुसऱ्या विकारात मात्र ईयूएसही फसते. मुख्य नीला यकृताच्या दाराशीच बंद असल्यामुळे आपली सुई अडथळ्याच्या पलीकडे, कमी दाबाच्या भागात असते. तेथे सामान्य आकडा आला म्हणून पोर्टल दाब सामान्य आहे असे लिहिणे ही गंभीर चूक ठरेल. अशा रुग्णात यकृताच्या दाराशी वेड्यावाकड्या बारीक शिरांचे जाळे दिसते, आणि निदानाला ते जाळेच पुरेसे असते.

बुडबुड्यांचे द्रव्य

सल्फर हेक्झाफ्लोराइडचे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून दिले की ते रक्तवाहिन्यांतच राहतात आणि वायू फुप्फुसांतून बाहेर पडतो. मूत्रपिंडावर भार येत नाही. ईयूएसमध्ये साधारण ४.८ मिलिलीटर देऊन मागून सलाइन सोडतात, यंत्राची ध्वनिशक्ती कमी ठेवतात आणि त्याच क्षणी पडद्यावरचे घड्याळ सुरू करतात. धमनीचा टप्पा १० ते २० सेकंदांनी सुरू होतो, पोर्टल टप्पा ३० ते ४५ सेकंदांपासून २ मिनिटांपर्यंत चालतो. नीलेत साधी गुठळी आहे की अर्बुद (कर्करोगाची गाठ) शिरले आहे, या प्रश्नाला हे तंत्र उत्तम उत्तर देते: अर्बुद धमनीच्या टप्प्यात उजळते, साधी गुठळी शेवटपर्यंत काळीच राहते. सिरोसिसमध्ये बुडबुडे यकृत नीलेत लवकर पोचतात, कारण यकृताला धमनीचे रक्त तुलनेने जास्त मिळत असते आणि आतल्या आत आडवाटा तयार झालेल्या असतात. गंभीर फुप्फुसीय उच्च रक्तदाब किंवा अस्थिर हृदयविकार असलेल्या रुग्णात हे द्रव्य देण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे.

तपासणीनंतर

सुई घातलेल्या रुग्णाला काही तास निरीक्षणाखाली ठेवावे. पोटदुखी, खांद्याकडे जाणारी कळ, नाडी वाढणे किंवा रक्तदाब उतरणे यांपैकी काही दिसल्यास यकृताच्या आवरणाखाली रक्त साचले नाही ना, हे सोनोग्राफीने लगेच पाहावे. प्रतिजैविकांबाबत आपल्या विभागाचा ठरलेला नियम पाळावा.

अहवालात आकड्याशेजारी तो कसा मिळाला हे असावे. उदाहरणार्थ: ‘रुग्ण ८ तास उपाशी, कार्व्हेडिलॉलची शेवटची मात्रा आदल्या रात्री, हलकी गुंगी. मुख्य पोर्टल नीला १४ मिलिमीटर, मोकळी, प्रवाह यकृताकडे, कमाल वेग १३ सेंटिमीटर प्रतिसेकंद, कोन ४२ अंश, श्वास सोडल्यानंतर, तीन वाचनांची सरासरी. यकृत धमनीचा निर्देशांक ०.७४. मधल्या यकृत नीलेचा आलेख सपाट. पोर्टल दाबाची तफावत १३ मिमी पारा, उताण्या स्थितीत. नाळेजवळची शीर उघडी नाही. यकृताचा उजवा मागचा भाग दिसला नाही.’